तंबोऱ्यामागचा उमेदवार

महाराष्ट्रात मुलांना गाण्याच्या क्लासला घालणारे आईबाप दोन प्रकारचे. पहिल्यांना मूल गवई व्हावं असं वाटतं. हे फार थोडे, आणि त्यांतले बरेचसे स्वतः गवई व्हायचे राहून गेलेले. दुसऱ्यांना दहावीचे वाढीव गुण हवे असतात. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्यांना बोर्ड जादा गुण देतं, ही बातमी सोसायट्यांमधून फिरल्यापासून भूप आणि दुर्गा या रागांना जी मागणी आली, ती दरबारांच्या काळातही नसावी.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी ठरलेली आहे. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. इथवर येईतो दहावी येते, गुण पदरात पडतात आणि मोबाइलमधला तंबोरा काढून टाकून त्या जागी सीईटीचं ॲप येतं. जी मुलं इथे उतरत नाहीत, त्यांच्या घरी काळजीला सुरुवात होते. विशारदपर्यंत घर कौतुक करतं. अलंकारचा फॉर्म भरला की घर गप्प होतं. आणि मुलीने संगीतात एम.ए. करायचं ठरवलं की मामा येतो. मामा बँकेत असतो. तो चहा पितो, एक नाट्यपद म्हणायला लावतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "आवाज देवाने दिलाय गं तुला, पण बी.एड. करून ठेव."

अशा मुलांसाठी हल्ली करिअर मार्गदर्शनाची शिबिरं होतात. त्यातल्या एकाला मी पेटी घेऊन गेलो होतो, स्वागतगीताच्या साथीला. वक्ते टाय लावून आले होते. "तुमच्यापाशी ट्रान्सफरेबल स्किल्स आहेत," असं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. म्हणजे गाण्यात शिकलेलं बाहेर कुठेही चालतं. टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट, कम्युनिकेशन. पडद्यावर एकेक शब्द उजवीकडून उडत येई आणि समोरची पोरं एकेका शब्दाला माना डोलवत. वक्ते खूश झाले. त्यांना काय ठाऊक, की समोर कोणी काहीही म्हणत असलं तरी योग्य जागी मान हलवणं हे त्या पोरांना पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं.

त्या गृहस्थांची यादी चुकीची नव्हती. माल दुकानात होता, पण कुठल्या फळीवर आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

मैफलीत तंबोऱ्यावर बसलेला शिष्य पाहा. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून मुद्दाम पाहा. चार तारा छेडत राहायच्या, सारख्या जोमाने, पण तालाच्या नादी न लागता; तबल्याच्या ठेक्यात बोटं अडकली की तंबोऱ्याचा तंबोरा राहत नाही. आजूबाजूला द्रुत लयीचा हलकल्लोळ चालला असताना आपली चाल न बदलणं ही गोष्ट ज्याला जमली, त्याला मार्चएंडला कुठल्याही कचेरीत बसवावं. शिवाय चेहऱ्याचं काम वेगळं. बुवांनी तीच तान त्याच जागी गेल्या महिन्यात सांगलीला घेतलेली असते, त्याआधी डोंबिवलीला घेतलेली असते. तरी तिसऱ्यांदा ऐकताना शिष्याची मान आश्चर्यानेच हलली पाहिजे. आढावा बैठकीत साहेबांचा तोच तक्ता सहाव्यांदा पाहणाऱ्या माणसाला याहून निराळं काय करायचं असतं?

मधेच बुवांना ठसका लागतो आणि ते हाताने खूण करतात: घे. आता एका आवर्तनात पुष्कळ काही साधायचं असतं. सूर जिथे सुटला तिथूनच उचलायचा. काहीतरी करून दाखवायचं, कारण समोर बसलेल्या आयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवायला हवं. पण फार काही करून दाखवायचं नाही, कारण बुवांनीही पुढच्या वर्षी बरोबर न्यायला हवं. सम आली की निमूटपणे मागे सरायचं आणि 'आपलं काही नाही, सगळी कृपा' असा चेहरा करून तारेवर बोट ठेवायचं. व्यवस्थापनाच्या पदवीला लाखो रुपये भरणारी मुलं एवढंच शिकून येतात, आणि त्यांना ज्येष्ठमध कुठे मिळतो तेही माहीत नसतं.

राहिला टीमवर्कचा मुद्दा. मागे बसलेल्या दोन तंबोरेवाल्यांनी एकमेकांशी बोलणं सोडून वर्षं झालेली असू शकतात. (कारण बहुधा एकाच चीजेचं असतं: ती बुवांनी एकाला दिली आणि दुसऱ्याला अजून दिलेली नाही.) तरीही दोघांचे षड्ज एकमेकांत विरघळतात. कार्यक्रमानंतर दोघे दोन वेगळ्या रिक्षांनी घरी जातात.

याच शिष्याला बुवांचं रेल्वे रिझर्व्हेशन काढता येतं, फिरकीच्या थर्मासातलं पाणी नेमकं किती कोमट हवं ते कळतं, मानधनाचं पाकीट हातात घेताच त्याच्या जाडीवरून रक्कम सांगता येते आणि महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात तंबोरा उभा ठेवायला जागा मिळवता येते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा गर्दीच्या डब्यातून अभंग मुंबईला पोचवणं हे वाटाघाटींचं शिखर आहे. शेजारच्या बर्थवरच्या बाईंना 'यात काय आहे?' इथपासून 'आमच्या सुनेचाही गळा गोड आहे' इथपर्यंत आणल्याशिवाय ते होत नाही. गंमत म्हणजे रेल्वेलाही गुणांची कदर आहे. रेल्वेत सांस्कृतिक कोट्यातून भरती होते. लेखी परीक्षा देऊन वर कला करून दाखवायची असते. म्हणजे काल ज्याने टीसीला तंबोऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं, तोच उद्या रेल्वेत चिकटून दुसऱ्या कोणाच्या तंबोऱ्याकडे संशयाने पाहू शकतो.

तबल्याच्या मुलांचं आणखी सोपं आहे, कारण ती मुळातच हिशेबनीस असतात. त्रितालाच्या सोळा मात्रा. समेपासून तिहाई उचलून पुढच्या समेवर ठेवायची तर दोन्ही समा धरून मात्रा होतात सतरा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की पंधरा. मधल्या दोन जागी एकेक मात्रा दम घेतला की सतरा. ही झाली दमदार तिहाई. मधे दम न घेता जी जाते ती बेदम. झपतालात दहा मात्रा आल्या की आकडे पुन्हा मांडायचे, रूपकात सात आल्या की पुन्हा, आणि हे सगळं समोर लोक बसलेले असताना, कॅल्क्युलेटरशिवाय, हसतमुखाने. एवढं करून सम चुकलीच तर ती चुकलेली नाही अशा आत्मविश्वासाने गायकाकडे पाहायचं, म्हणजे लोकांना गायक चुकला असं वाटतं. लेखापरीक्षकासमोर बसायला आणखी कोणती पात्रता लागते?

यात थट्टा थोडी आहे, पण पुरावा पक्का आहे. वसंतराव देशपांडे वीस वर्षांहून अधिक काळ लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं 1967 मध्ये आणि वसंतरावांचे खाँसाहेब महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्याआधी हाच माणूस दिवसा सैन्याचे पैसे मोजत होता आणि रात्री सुरांची उधळपट्टी करत होता. दिवसाच्या कामाचा रात्रीच्या गाण्याला उपयोग झाला की उलट, हे तज्ज्ञांनी ठरवावं. माझं मत असं की दिवसभर एकेक पैसा जुळवणाऱ्या माणसालाच रात्री इतकं उधळावंसं वाटत असणार.

शिबिरातल्या वक्त्यांनी वाहतूक एकाच दिशेने दाखवली, गाण्याकडून नोकरीकडे. आपल्याकडे ती दोन्ही बाजूंनी चालत आली आहे. पंडित भातखंडे कायद्याची पदवी घेतलेले. काही काळ त्यांनी वकिलीही केली. एवढं देशभर पसरलेलं, परस्परविरोधी साक्षींनी भरलेलं रागांचं प्रकरण दहा थाटांत बसवणं वकिलाखेरीज कोणाला सुचलं असतं? जे राग बसत नव्हते त्यांच्याबाबत अजून अपिलं चालू आहेत. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकल्या होत्या, आकाशवाणीत नोकरी केली, विद्यापीठात विभागप्रमुख झाल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांची डॉक्टरेट जीवरसायनशास्त्रातली. मामाला यांची नावं सांगितली की मामा म्हणतो, "बघ, म्हणजे शिक्षण पूर्ण केलंच ना त्यांनी!" मामाला कुठल्याही उदाहरणातून बी.एड.कडे जाता येतं. ही कलाही उपजत असावी लागते.

आणि मिरज? तिथल्या सतारमेकरांची घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, शस्त्रं घडवायची, धार लावायची. इंग्रजी अंमल बसला, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्याच हातांनी तंबोरे, सतारी दुरुस्त करता करता त्या घडवायला घेतल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येऊ लागले, देशभरचे गवई मिरजेची वाट धरू लागले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्राच्या धारेवरून जवारीच्या धाग्यावर आलेल्या या लोकांनी कुठल्याही शिबिराला हजेरी लावल्याची नोंद नाही.

पण या विषयातले खरे उस्ताद गोव्याचे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू एवढाच की प्रार्थनेला वादकवृंद असावा. पोरांनी ती विद्या उचलली आणि बोटीत बसून मुंबई गाठली. मग काय, संस्थानिकांचे बँड, पोलिसांचे बँड, ताजमहाल हॉटेलातला जॅझ, मूकपटाच्या पडद्यापुढचा वृंद. जिथे म्हणून कागदावरचे ठिपके वाचून वाजवणारा माणूस लागे तिथे गोवेकर हजर. आल्दोन्याच्या आंतोनियु वाझने चिक चॉकलेट असं नाव घेऊन ट्रम्पेटवर मुंबई नाचवली. पुढे बोलपट आले. संगीतकार चाल गुणगुणायचे, फार झालं तर पेटीवर वाजवून दाखवायचे, आणि तेवढ्यावरून पन्नास व्हायोलिनांनी काय वाजवायचं ते रात्रीत कागदावर उतरवायला बसायचे सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कित्येकदा नसेच. मजोर्ड्याच्या या गोन्साल्विसांनी पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि शिष्याने 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'त एका आख्ख्या गाण्यात गुरूचं नाव घेऊन ऋण फेडलं. गुरुदक्षिणेचा इतका गोंगाटी प्रकार आपल्या परंपरेत दुसरा नसेल. पडद्यावर अंड्यातून माणूस बाहेर पडतो आणि गुरूचं नाव पुकारतो. आपल्याकडे कानाची पाळी धरण्यावर भागवतात.

पेटीवाल्यांचं मात्र गोवेकरांसारखं झालं नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पट्ट्यांमध्ये श्रुती मिळत नाहीत, मींड निघत नाही, शिवाय वाद्य परदेशी. ही बंदी तीनेक दशकं टिकली. रेडिओची नोकरी हाच ज्या काळी कलाकाराचा एकमेव पगारी स्वर्ग होता, त्या काळात आमच्या जमातीला दारावरच अडवलं होतं. सारंगीवाल्यांचं तेवढं फावलं. म्हणून मला कोणी 'या क्षेत्रात स्थैर्य कितपत?' असं विचारलं की मी भाता बंद करून पाणी पितो.

एवढं सगळं केलं तरी शेवटी बहुतेकजण क्लासच काढतात. याची जबाबदारी विष्णू दिगंबर पलुस्करांवर जाते. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या आश्रयाशिवाय, लोकांच्या पैशावर. तोवर गवयाचं करिअर म्हणजे एक राजा पकडणं. पलुस्करांनी वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, तिकीट लावून जलसे असं सगळं मांडलं, पुढे मुंबईत इमारत उभारली, आणि कर्जापायी ती घालवलीही. शिष्य मात्र राहिले: विनायकबुवा पटवर्धन पुण्यात, बी. आर. देवधर मुंबईत, ओंकारनाथ ठाकूर थेट बनारसच्या विद्यापीठात. राजाच्या जागी पालक आले. राजा निदान मुलाला पहिला नंबर का आला नाही असं विचारत नसे.

आजच्या क्लासवाल्याचा दिवस पहाटे साडेपाचला उघडतो, कारण उन्हाळ्यात त्या वेळी न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिथल्या मराठी घरातली मुलगी जेवून यमन शिकायला बसते. राग तिच्या घड्याळाने वेळेवर आहे, गुरूच्या घड्याळाने भैरवाची वेळ आहे. समयचक्राचा हा तंटा कुठल्याच ग्रंथात सुटलेला नाही. फी डॉलरमध्ये असल्यामुळे तो न्यू जर्सीच्या बाजूने सोडवतात. त्यातून इंटरनेटमुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. गुरू सा लावतात, तो अटलांटिक ओलांडतो, शिष्येचा सा परत येतो तेव्हा गुरू रिषभावर पोचलेले. एका चांगल्या निषादाला दिलेली गुरूंची 'वा!' तिकडे पोचते नेमकी बेसूर मध्यमावर, आणि पोरगी तो मध्यम जन्मभर तसाच लावते. दुपारी चारला गृहिणींची बॅच, संध्याकाळी दहावीवाले, रात्री कराओकेवाले काका. या माणसाला तुम्ही संयम शिकवायला निघालात?

सगळ्यात फोफावलेला धंदा मात्र शिबिरात कोणी उच्चारलाच नाही. मंगलाष्टकं.

पूर्वी ही भटजी म्हणत, आणि हौशी मावशी एखादं म्हणून घेत. आता विशारद झालेल्या मुलीला बोलावतात. ती पेटी-तबला घेऊन येते (पेटीसोबत मीही), आणि वधूवरांच्या घराण्यांवर नव्याने रचलेली कडवी गाते. वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, लघू-गुरू पक्के. त्यात आजी-आजोबा बसवायचे, दोन्हीकडचे काका क्रमाने बसवायचे, नवरीचं एम.टेक. बसवायचं आणि नवरदेवाची कंपनी बसवायची, जिचं नाव कुठल्याच गणात बसत नाही. मागच्या हंगामात एका लग्नाला आम्ही गेलो होतो. मुहूर्त बारा सदतीसचा, बारा पस्तीसला नवरदेव दारात नाचत होता. आमची गाणारी मुलगी शांतपणे गणपतीच्या कडव्यात आलाप घेत राहिली. नवरदेव पाटावर आला, अंतरपाट धरला, आणि तेवढ्यात वरपक्षाकडून निरोप आला की नागपूरच्या आत्या आत्ताच उतरल्यात आणि त्यांचं नाव यादीत राहिलंय. नाव कमलिनी.

तीन लघू आणि वर एक गुरू. मी हातातली पट्टी तशीच दाबून तिच्याकडे पाहिलं. तिने बोटांवर मोजलंसुद्धा नाही. त्या अख्ख्या वृत्तात सलग तीन लघू येतात ते एकाच जागी, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या अक्षराला. बाराव्यावर गुरू आणि यती. लगेच पुढे दोन गुरू, म्हणजे 'आत्या'सुद्धा मोकळ्या. तिने एका काकांना अर्ध्या ओळीतून उठवून मागच्या ओळीत मावशींच्या शेजारी नेलं, आत्या नेमक्या खाचेत बसवल्या, यतीवर नाव झळकवलं, आणि 'सावधान' पडलं ते बरोबर बारा सदतीसला. तबलेवाल्याने मान हलवली, या खेपेला मनापासून.

जेवणाच्या वेळी आत्याबाई तिला शोधत आल्या. डोळे भरले होते. त्यांच्या नातवाची पुढच्या महिन्यात मुंज होती, ते काम त्यांनी तिथल्या तिथे तिला दिलं. पैसे मात्र निम्मे ठरवले, कारण मुंजीत नावं एकाच बाजूची असतात.